अंपायर शब्द आला कुठून?

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या क्रिकेट स्पर्धेच्या फलकावर मुलांनी ‘एम्पायर’ असं लिहिलं होतं. मी ते ‘अंपायर’ असं दुरुस्त करायला सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, ‘काका, शब्द एकच आहे. मैदानावर त्याचंच राज्य चालतं, म्हणून तो एम्पायर.’ हे खरं आहे का? खरं नसेल तर अंपायर हा शब्द मुळात कुठला? आणि तेच काम करणाऱ्याला फुटबॉलमध्ये रेफरी का म्हणतात?

उत्तर : तुमच्या पत्रात एकात एक गुंतलेल्या तीन शंका आहेत. आधी त्या मुलाची शंका फेडू, कारण असा समज असणारा तो एकटाच नाही. मराठीत बोलताना अंपायर आणि एम्पायर यांच्या उच्चारात फारसा फरक उरत नाही, आणि मैदानावर त्या माणसाने बोट वर केले की भलाभला फलंदाज निमूटपणे तंबूत परततो. मग त्याचा संबंध साम्राज्याशी असणार असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण संबंध नाही. साम्राज्य या अर्थाचा एम्पायर लॅटिनमधल्या ‘इम्पेरियम’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ हुकमत, आज्ञा देण्याचा अधिकार. एम्परर, इम्पीरियल हे त्याचेच भाऊबंद. अंपायरचे घराणे निराळे आहे, आणि गंमत अशी की त्याचा मूळ अर्थ हुकमतीच्या आसपासही फिरकत नाही.

त्या मुलाला रागावू नका. भल्या विद्वानांनाही या शब्दाने चकवले आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंपायरची नोंद करताना त्यांनी आधीच्या अभ्यासकांची एक व्युत्पत्ती दिली आहे : फ्रेंचमधल्या ‘अं पेर’, म्हणजे ‘एक पिता’, या शब्दांपासून अंपायर झाला. घरातली भांडणे वडील मिटवतात, तशी बाहेरची भांडणे मिटवणारा तो अंपायर. कल्पना मोहक आहे, पण चुकीची आहे.

खरी गोष्ट अशी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ असा एक शब्द होता. त्यातला ‘नॉन’ आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. नॉन-व्हेज, नॉन-स्टॉप म्हणतो तोच हा नकार. ‘पेर’ म्हणजे समान, बरोबरीचा, जोडीचा. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘पार’ हा शब्द आहे आणि त्याचा गोतावळा मोठा आहे. जोडीला इंग्रजीत पेअर म्हणतात तो, बरोबरीच्या माणसाला पिअर म्हणतात तो, तुलना करण्याला कम्पेअर म्हणतात तो, आणि बँकेत ‘अॅट पार’ चेक म्हणतात त्यातला पार, हे सगळे एकाच कुळातले. म्हणजे नॉनपेर याचा अर्थ झाला ‘जोडीत न बसणारा’. सम आणि विषम या आपल्या शब्दांत सांगायचे तर ‘विषम’.

इथे आणखी एका ठिकाणी पाय घसरण्याचा संभव आहे. ‘ज्याला जोड नाही तो’ असे म्हटले की आपल्याला अजोड, अतुलनीय, सर्वांहून श्रेष्ठ असा अर्थ सुचतो. फ्रेंच आणि इंग्रजीत त्या अर्थाचा एक वेगळा शब्दही आहे. अंपायरच्या बाबतीत मात्र तो अर्थ लागू नाही. इथे विषम म्हणजे श्रेष्ठ नव्हे. विषम म्हणजे मोजणीतला विषम, दोनानंतरचा तिसरा.

विषम माणसाला निवाड्याचे काम का मिळाले? समजा, दोघांत तंटा आहे. पहिला आपल्या विश्वासाचा एक माणूस नेमतो, दुसरा आपल्या विश्वासाचा. हे दोघे बसून तोडगा काढतात. निघाला तर उत्तम. पण दोघांची मते दोन दिशांना गेली तर? दोनाच्या जागी चार माणसे बसवली तरी दोन विरुद्ध दोन अशी अडचण पुन्हा उभी राहू शकते. ती सुटते ती एकच माणूस वाढवल्यावर. तो याच्याही बाजूचा नसतो आणि त्याच्याही बाजूचा नसतो, आणि त्याने मत दिले की पारडे एकीकडे झुकतेच. हा जोडीबाहेरचा एक माणूस म्हणजे नॉनपेर.

हा विचार फ्रेंचांनाच सुचला असे नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘ओड्डी’ म्हणजे टोक किंवा त्रिकोण. त्रिकोणाला दोन कोन पायथ्याशी आणि तिसरा एकटा टोकाला असतो. त्यावरून विषम संख्येला आणि निर्णायक मत देणाऱ्या तिसऱ्या माणसालाही त्या भाषेत याच शब्दावरून नावे पडली. विषम या अर्थाचा इंग्रजी ‘ऑड’ हा शब्द याच नॉर्स मुळाचा. दोन वेगळ्या भाषा, पण निवाडा करणाऱ्याला दोघांनीही ‘विषम माणूस’ म्हटले. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो, कारण न्याय म्हणजे काय याची एक फार जुनी आणि साधी समजूत त्यात दिसते : न्याय करणारा मोठा असलाच पाहिजे असे नाही, तो तिऱ्हाईत असला पाहिजे. आपला तिऱ्हाईत हा शब्दही तिसऱ्याचाच.

आता हा नॉनपेर इंग्लंडमध्ये काय काम करत होता ते पाहू. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँग्लंड या कवीने ‘पिअर्स प्लाउमन’ हे दीर्घकाव्य लिहिले. त्यात खादाडपणा हे पाप माणसाच्या रूपात येते. हा खादाड पापांची कबुली द्यायला चर्चकडे निघालेला असतो, पण वाटेत दारूचा गुत्ता लागतो आणि तो आत शिरतो. आत तऱ्हेतऱ्हेचे कारागीर बसलेले. त्यांच्यात एक खेळ रंगतो. क्लेमंट नावाचा चांभार आपला झगा काढून पुढे टाकतो, आणि हिक नावाचा घोड्यांची निगा राखणारा आपली टोपी टाकतो. दोघांना अदलाबदल करायची आहे. पण झगा आणि टोपी यांची किंमत सारखी कशी असेल? मग दोघे जण पारख करायला उठतात, आपसात कुजबुजतात, आणि त्यांचे काही जमत नाही. तेव्हा सगळे दोर वळणाऱ्या रॉबिनला उठवतात आणि त्याला नेमतात ‘नॉनपेर’.

रॉबिनचा निवाडा असा : हिकने झगा घ्यावा, क्लेमंटने टोपी घ्यावी, आणि दारूच्या पेल्याचाही हिशेब त्या सौद्यातच धरावा. नंतर ज्याला आधी पस्तावा होईल, त्याने खादाडाला एक गॅलन दारू पाजावी. अंपायर शब्दाच्या इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या वापरांपैकी हा एक. तिथे राजा नाही, दरबार नाही, मैदानही नाही. गुत्त्यात बसलेला एक दोरवाला आहे, आणि दोघांचे जमले नाही म्हणून त्याला उठवले आहे. तुमच्या कॉलनीतल्या मुलाला ही एक गोष्ट सांगितली तरी साम्राज्याची कल्पना त्याच्या डोक्यातून जाईल.

लँग्लंडने वर्णिलेला हा अदलाबदलीचा खेळ पुढे काही शतके चालला आणि त्याने खेळांच्या भाषेला आणखी एक शब्द दिला. तुम्ही तो विचारलेला नाही, पण अंपायरशी त्याचे नाते इतके जवळचे आहे की सांगायलाच हवा. तो शब्द म्हणजे हँडिकॅप.

या खेळात तिघे असत : अदलाबदल करणारे दोघे आणि एक अंपायर. तिघांनी आधी ठरावीक रक्कम एका टोपीत टाकायची. अंपायरने दोन्ही वस्तू पाहून सांगायचे की हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती पैसे द्यावेत. मग त्या दोघांनी आपापला हात टोपीत घालायचा आणि एकाच वेळी बाहेर काढायचा. मुठीत पैसे असले की सौदा मान्य. मूठ रिकामी असली की अमान्य. ‘टोपीत हात’ या अर्थाच्या ‘हँड इन कॅप’ या शब्दांवरून खेळाला हँडिकॅप हे नाव पडले.

यातली खुबी पैशांच्या वाटपात आहे. दोघांनीही मान्य केले तर अदलाबदल होते आणि टोपीतली रक्कम अंपायरला मिळते. दोघांनीही नाकारले तर अदलाबदल होत नाही, पण रक्कम तरीही अंपायरचीच. मात्र एकाने मान्य केले आणि दुसऱ्याने नाकारले, तर ती रक्कम मान्य करणाऱ्याच्या खिशात जाते आणि अंपायर हात हलवत परततो. याचा परिणाम काय होईल? अंपायरने एका बाजूला झुकते माप दिले, तर ज्याचा फायदा तो चटकन हो म्हणेल, ज्याचा तोटा तो नाही म्हणेल, आणि अंपायरला काहीच मिळणार नाही. म्हणून दोघांनाही सारखेच वाटेल असे माप त्याने ठरवण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. निःपक्षपातीपणाचा उपदेश न करता निःपक्षपाती राहणे फायद्याचे करून ठेवणारी ही रचना मला आजही विलक्षण वाटते.

लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याने १६६० साली हा खेळ पहिल्यांदा पाहिल्याची आणि तो आवडल्याची नोंद केली आहे. पुढे घोड्यांच्या शर्यतीत हेच तत्त्व आले. जोरकस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादायचे आणि कमजोर घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची संधी सारखी. किती वजन लादायचे हे ठरवणारा तिऱ्हाईत असे. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना आणि गोल्फ खेळणाऱ्यांना हँडिकॅप आजही याच अर्थाने परिचित आहे. लादलेल्या वजनावरून ओझे, ओझ्यावरून अडचण, आणि अडचणीवरून शारीरिक व्यंग असा अर्थाचा प्रवास बराच नंतर, विसाव्या शतकाच्या आगेमागे झाला. ‘हातात टोपी घेऊन भीक मागणाऱ्या अपंगांवरून हा शब्द आला’ असे ठासून सांगणारे लोक भेटतात. ते खरे नाही. अपंगत्वाच्या कितीतरी आधी हा शब्द खेळातला आणि सौद्यातला होता, आणि त्यात टोपी होती ती पैसे टाकायची.

परत अंपायरकडे येऊ. नॉनपेरचा अंपायर होताना सुरुवातीचा ‘न’ गेला कुठे, हे विचारायचे राहिले.

शाळेत इंग्रजी व्याकरणात आपण शिकलो की नामाआधी ‘अ’ लावायचा, आणि नाम स्वराने सुरू होत असेल तर ‘अॅन’ लावायचा. लिहिताना हे सोपे असते. बोलताना मात्र शब्द एकमेकांना चिकटून येतात, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या बहुतेक इंग्रजांना लिहिता-वाचता येत नव्हते. ‘अ नूंपेर’ असे कानावर पडले की त्यातला ‘न’ आधीच्या ‘अ’चा की पुढच्या शब्दाचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. पुष्कळांनी तो ‘अ’कडे दिला आणि शब्द उरला ‘ऊंपेर’. काही काळ दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली, मग ‘न’ नसलेले रूप टिकले आणि घासत घासत त्याचे अंपायर झाले.

असा ‘न’ गमावणारा हा एकच शब्द नाही. स्वयंपाकात किंवा कारखान्यात अंगावर बांधतो त्या अॅप्रनचे मूळ रूप ‘नॅप्रन’ होते. जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनमध्ये तो ‘न’ अजून शिल्लक आहे. एका जातीच्या सापाला इंग्रजीत अॅडर म्हणतात, तोही पूर्वी ‘नॅडर’ होता. उलट प्रकारही घडला. टोपणनावाला इंग्रजीत ‘एक-नेम’ म्हणत, म्हणजे जादा नाव. त्याला ‘अॅन’चा ‘न’ येऊन चिकटला आणि आजचा निकनेम झाला. एकाकडून गेलेला ‘न’ दुसऱ्याकडे आला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या नारंगीच्या बाबतीतही असेच घडले. संस्कृत नारंग फारसी आणि अरबीमार्गे युरोपात गेले. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘न’ शाबूत राहिला, पण इटली आणि फ्रान्सच्या वाटेवर तो गळाला, आणि इंग्लंडला पोचेपर्यंत उरले ऑरेंज.

तर शब्द असा घडला. त्याचा पहिला धंदा खेळ नसून तंटे मिटवणे हा होता, आणि तो धंदा त्याने कधी सोडलाही नाही. सतराव्या शतकात मिल्टनने आपल्या महाकाव्यात माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला अंपायर म्हटले, ते या जुन्या अर्थाने. आपल्याकडच्या कायद्यातही तो शिरला होता. १९४० च्या लवाद कायद्यात तरतूद होती की लवादांची संख्या सम असेल तर त्यांनी नेमणुकीनंतर महिन्याभरात एक अंपायर नेमावा. दोन पक्षांचे दोन लवाद, आणि त्यांचे फाटले तर तिसरा अंपायर. गुत्त्यातल्या रॉबिनची जागा कागदोपत्री तशीच्या तशी होती. पुढे १९९६ चा नवा कायदा आला आणि त्याने लवादांची संख्या सम असूच नये असे ठरवून टाकले. संख्याच विषम झाल्यावर वेगळ्या विषम माणसाची गरज उरली नाही आणि अंपायर त्या कायद्यातून बाहेर पडला.

क्रिकेटमध्ये तो आला तोही तंट्याच्या निमित्तानेच. अठराव्या शतकात इंग्लंडमधले सामने मोठमोठ्या पैजा लावून खेळले जात. पैसा आला की वाद आला. १७४४ साली क्रिकेटचे जे लिखित नियम तयार झाले, त्यांत अंपायरचे अधिकार नोंदलेले आहेत. आपल्या टोकाच्या यष्टींपाशी जे घडेल त्याचा निर्णय त्या अंपायरने द्यायचा आणि तो अंतिम मानायचा. शिवाय दोन्ही संघांच्या संमतीशिवाय त्याला बदलायचे नाही. ही संमतीची अट लक्षात घ्या. अधिकार वरून आलेला नाही, दोन्ही बाजूंनी मिळून दिलेला आहे.

आणि या जुन्या अर्थाची सर्वांत जिवंत खूण आजच्या नियमात आहे. फलंदाज बाद असला तरी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केल्याशिवाय अंपायर त्याला बाद देऊ शकत नाही. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, अंपायरला ते स्वच्छ ऐकू आले, पण कोणी ‘हाऊज दॅट’ म्हटले नाही, तर त्याने गप्प राहायचे. गोलंदाजाने पुढच्या चेंडूसाठी धाव सुरू केली की अपील करायची मुदतही संपते. नो-बॉल आणि वाइड तो आपणहून देतो, हे खरे. फलंदाज आपणहून निघून गेला तर त्याला कोणी अडवत नाही, हेही खरे. पण बाद ठरवण्याचा प्रश्न दोन बाजूंमधला आहे, आणि विचारल्याशिवाय तिऱ्हाइताने त्यात पडायचे नाही, हे तत्त्व नियमाने जपले आहे. सत्ताधीश असे वागत नाही, मध्यस्थ वागतो. म्हणून मी म्हणालो की हुकमतीचा अर्थ या शब्दाच्या आसपासही नाही.

मात्र खेळात एक विसंगती शिरली. प्रत्येक संघ आपला अंपायर बरोबर आणू लागला. म्हणजे ज्याने जोडीबाहेरचे असायचे, तोच एका बाजूचा झाला! आंतरराष्ट्रीय सामन्यांत यजमान देशाचेच अंपायर असण्याची पद्धत तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली, आणि पाहुणे संघ त्याबद्दल सतत कुरकुरत राहिले. ही प्रथा मोडण्यात मुंबईच्या एका माणसाचा वाटा आहे. १९८६ साली वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात गेला, तेव्हा लाहोरच्या कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय अंपायर उभे राहिले. पाकिस्तानच्या घरच्या मैदानावर निवाड्याला भारतीय, आणि तेही पाकिस्तानच्या कर्णधाराच्या, इम्रान खानच्या, पुढाकाराने! याआधी त्रयस्थ देशाचे अंपायर कसोटीत दिसले होते ते थेट १९१२ साली इंग्लंडमधल्या तिरंगी स्पर्धेत. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक अंपायर त्रयस्थ देशाचा, आणि २००२ पासून दोन्ही, अशी पद्धत रूढ झाली. शब्दाचा जो अर्थ होता तो प्रत्यक्षात यायला एवढा काळ लागला.

आता रेफरी. हा शब्द समजायला सोपा आहे, कारण त्याच्या घडणीचे शब्द आपल्या घरात आहेत. विमा काढताना आपण नॉमिनी लिहितो, म्हणजे ज्याचे नाव नेमले तो. तसा रेफरी म्हणजे ज्याच्याकडे बाब रेफर केली, सोपवली, तो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला परवान्यांसाठी केलेले अर्ज तपासायला ज्या अधिकाऱ्यांकडे पाठवत, त्यांना रेफरी म्हणत. खेळात तो पुष्कळ उशिरा आला.

फुटबॉलमध्ये तो कसा आला हे पाहिले की तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मिळते. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, त्यांत निवाडा करणाऱ्याचा उल्लेखच नाही. वाद झाला तर दोन्ही कर्णधार बोलून मिटवतील, असा भरवसा होता. तो फार दिवस टिकला नाही. मग प्रत्येक संघाने आपापला अंपायर आणायला सुरुवात केली. हो, फुटबॉलमध्येही आधी अंपायरच होते, आणि खेळाडूंनी दाद मागितली तरच ते निर्णय देत. दोन संघांचे दोन अंपायर, म्हणजे मतभेद ठरलेला. तो सोडवायला मैदानाबाहेर एक तिसरा माणूस उभा राहू लागला. दोघांचे जमले नाही की बाब त्याच्याकडे रेफर करायची, म्हणून तो रेफरी. १८९१ साली नियम बदलले : रेफरीला मैदानाच्या आत आणले, आणि दोन्ही अंपायरांना हातात झेंडे देऊन कडेच्या रेषेवर पाठवले. तेच आपले लाइन्समन. १९९६ पासून त्यांचे अधिकृत नाव साहाय्यक रेफरी असे आहे.

म्हणजे फुटबॉलचा रेफरी हाच खऱ्या अर्थाने जुना नॉनपेर आहे, आणि फुटबॉलचे अंपायर मात्र त्या नावाला जागले नाहीत. ‘खेळाडूंबरोबर धावतो तो रेफरी आणि एका जागी उभा राहतो तो अंपायर’ असा एक ठोकताळा पुष्कळ जण सांगतात, तोही सोडून द्या. हॉकीत निर्णय देणारे दोघेही सामनाभर धावतात आणि तरी अंपायरच म्हणवतात. बॅडमिंटन आणि टेनिसमध्ये उंच खुर्चीवर बसतो तो अंपायर, आणि त्याच्या वरचा, एरवी कोर्टाबाहेर असणारा तो रेफरी. क्रिकेटमध्ये १९९१ पासून मॅच रेफरी आला, पण तो कोणाला बाद देत नाही. खेळाडूंची वागणूक आणि शिस्त हे त्याचे क्षेत्र. कोणत्या खेळाने कोणता शब्द ठेवला हे त्या त्या खेळाच्या इतिहासावर अवलंबून आहे, धावण्या-बसण्यावर नाही.

ओघात ‘थर्ड अंपायर’बद्दल एक गोष्ट. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत टीव्हीच्या चित्रीकरणावरून निर्णय देण्याची पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. मैदानावरचे अंपायर सिरिल मिचली यांनी निर्णय वर पाठवला, कार्ल लीबेनबर्ग यांनी पडद्यावर पाहून तो दिला, आणि या रीतीने धावचीत ठरलेला पहिला फलंदाज होता आपला सचिन तेंडुलकर, ११ धावांवर. तोवर मैदानावर अंपायर दोनच असत, म्हणून हा तिसरा. पण मुळात अंपायर या शब्दाचाच अर्थ तिसरा माणूस, आणि दोघांना ठरवता येत नाही तेव्हा त्याला विचारायचे हेच त्याचे काम. शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा अंपायर कोण, तर मैदानाबाहेर पडद्यासमोर बसलेला हा थर्ड अंपायर, असे माझे मत आहे.

तुम्ही पत्रात विचारलेले नाही, पण मराठी वाचकाच्या मनात येईलच असा एक प्रश्न उरतो : आपण अंपायरला पंच का म्हणतो? पंच म्हणजे पाच; तंटे सोडवायला बसणाऱ्या पाच जणांची ती पंचायत. पुढे बसणारे पाचच असत असे नाही, पण नाव राहिले, आणि हळूहळू त्यांतल्या एकेका माणसालाही पंच म्हणू लागले. म्हणून मैदानावर एकटा उभा असला तरी तो पंचच. पाच ही संख्याही विषम आहे, तेव्हा इथेही मत दुभंगून अडून राहत नाही. महाराष्ट्रात कायद्याने ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ ते १७ च्या दरम्यान ठरते, तीही विषमच. अंपायरला पंच म्हणणारा मराठी माणूस शब्दाचे भाषांतर करत नव्हता. त्याने आपल्या गावातला तंटा मिटवणारा माणूस मैदानावर ओळखला आणि त्याच नावाने त्याला हाक मारली. फलकावर ‘अंपायर’ लिहायला हरकत नाही, पण ‘पंच’ लिहिले तर शुद्धलेखनाचा वादच मिटेल.

आणि दोन अंपायर, वर एक रेफरी ही जुनी मांडणी जशीच्या तशी पाहायची असेल तर इंग्लंडला जायला नको. खो-खोच्या सामन्यात दोन पंच असतात आणि एक सरपंच, म्हणजे रेफरी. दोन पंचांचे मत जुळले नाही तर अखेरचा निर्णय त्याने द्यायचा, असे नियमच सांगतो. जवळपास कुठे खो-खोचे सामने असतील तर त्या मुलाला घेऊन जा, आणि दोन्ही पंच एकमेकांकडे पाहू लागले की तिसऱ्याकडे लक्ष द्या.